नव्वदीतल्या मनाची उभारी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि संध्याकाळपर्यंत दापोली-मंडणगडकडच्या आगरांत पडलेल्या माडांपेक्षा उभे राहिलेले माड मोजणे सोपे झाले. आमच्या आजीचे वय तेव्हा ८८ होते. घराची निम्मी कौले उडाली होती, पडवीवर फणस आडवा झाला होता आणि आजोबांनी लावलेल्या माडांपैकी तीनच शिल्लक होते. टाळेबंदीमुळे आम्हांला कोणालाही तिथे पोहोचता येत नव्हते. वीज आणि फोन दोन्ही गेले होते. नवव्या दिवशी काकूचा फोन लागला, तेव्हा तिने सर्वांत आधी सांगितले ते हे, की वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजी खळ्यात पाट टाकून बसली आणि पडलेल्या झावळ्यांचे हीर काढू लागली. पातीचे बूड डाव्या हातात धरायचे, सुरी हिराला लावून शेंड्याकडे ओढायची, दोन्ही बाजूंची पाने सोलून टाकायची आणि हीर बाजूला ठेवायचा. दुपारपर्यंत एका खराट्याचे हीर निघाले होते.

वाडीतल्या कोणी म्हणाले, म्हातारीचे काळीज दगडाचे आहे. कोणी म्हणाले, धक्क्याने तिचे भान गेले आहे. काकूने आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्या दोघांनाही ठाऊक नव्हती. तिसऱ्या रात्री आजी पुष्कळ रडली, आजोबांच्या आठवणी काढत राहिली आणि पहाटे उठून पुन्हा पाटावर बसली. हा लेख त्या रडण्याविषयी आणि त्या पाटाविषयी आहे. अतिवृद्ध वयात मन कशावर सावरते, कशाने खचते, आणि घरच्या माणसांना त्यात काय करता येते, हे जेवढे नीट कळलेले आहे तेवढे इथे सोपे करून मांडते.

मानसशास्त्रात ज्याला ‘रेझिलियन्स’ म्हणतात त्याला मराठीत लवचिकता, चिवटपणा, मनाची ताकद असे बरेच प्रतिशब्द वापरले जातात. मला ‘उभारी’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण उभारी माणूस धरतो, ती कधी जाते आणि कोणीतरी ती देतेही. म्हणजे ती येणारी-जाणारी आणि देता-घेता येणारी गोष्ट आहे, हे त्या शब्दातच आहे. अभ्यासकांचे आजचे म्हणणे याच्याशी जुळते. उभारी म्हणजे काही माणसांना जन्मतः मिळालेला आणि इतरांना न मिळालेला गुण, असे ते मानत नाहीत. मोठा आघात झाल्यावर किंवा हळूहळू शक्ती कमी होत असताना आपले रोजचे जगणे पुन्हा मार्गी लावण्याची ती प्रक्रिया आहे, आणि तिच्यात स्वभावाबरोबरच शरीर, नाती, पैसा, घर, सवयी आणि श्रद्धा या सगळ्यांचा वाटा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲन मास्टन यांनी २००१ मध्ये मुलांविषयीच्या संशोधनाचा आढावा घेताना हेच दाखवले, की संकटातून सावरण्यामागे बहुधा अलौकिक काही नसते, अगदी साध्या, रोजच्या गोष्टी शाबूत असतात. म्हातारपणालाही ते लागू पडते. रडू येणे हा उभारीचा अभाव नव्हे; रडून झाल्यावर हाताला लागणारे काहीतरी जवळ असणे महत्त्वाचे असते.

आता ‘अतिवृद्ध’ म्हणजे कोण? साठीच्या आणि नव्वदीच्या माणसांना एकाच ‘ज्येष्ठ नागरिक’ या शब्दात घालणे सरकारी सोयीचे आहे, पण त्याने बरेच काही झाकले जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उतारवयाचे दोन भाग केले. साठी-सत्तरीतला तो ‘तिसरा काळ’, ज्यात बहुतेकांची प्रकृती, स्मरण आणि उत्साह टिकून असतो. आणि साधारण ८० ते ८५ च्या पुढचा ‘चौथा काळ’, ज्यात एकाच वेळी अनेक बाजूंनी उणे होत जाते. दृष्टी, ऐकणे, तोल, झोप, आणि त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे बरोबरीची माणसे. आजीच्या वयाचे तिला एकेरी हाक मारणारे आज गावात कोणीही उरलेले नाही. सत्तरीतल्यांसाठी लिहिलेले ‘सक्रिय राहा, फिरायला जा, नवे शिका’ हे सल्ले नव्वदीतल्या माणसाला जसेच्या तसे देणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

असे असूनही अभ्यासकांना एक कोडे सतत पडत आले आहे. शरीर ज्या वेगाने खाली येते त्या वेगाने समाधान खाली येत नाही. बर्लिनमध्ये १९९० मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७० ते १०० आणि त्याहूनही अधिक वयाच्या ५१६ लोकांची वैद्यकीय, मानसिक, सामाजिक आणि आर्थिक अंगांनी बारकाईने तपासणी झाली. त्यांतील बहुतेकांना काही ना काही आजार होता, तरी आपल्या आयुष्याविषयी बहुसंख्य लोक समाधानी होते. याला ‘समाधानाचे कोडे’ म्हटले जाते. त्याची तीन उत्तरे मला विशेष पटण्यासारखी वाटतात.

पहिले उत्तर पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या दांपत्याचे आहे. त्यांच्या मते नीट म्हातारे होणारी माणसे तीन गोष्टी करतात: निवड करतात, निवडलेल्या गोष्टीला जास्त वेळ देतात, आणि जे गेले त्याच्या जागी दुसरी युक्ती योजतात. त्यांचे आवडते उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे होते. ८० व्या वर्षी इतके चांगले कसे वाजवता, असे विचारल्यावर रुबिनस्टाइन यांनी सांगितले होते, की आता मी कमी रचना वाजवतो, त्यांचा सराव जास्त करतो, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ घेतो, म्हणजे पुढचा भाग आहे त्याहून जलद वाटतो. आजीने पियानो पाहिलेला नाही, पण तिचे आमसुलांचे वेळापत्रक अगदी याच रीतीने चालते. पूर्वी ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, वेचण्यापासून आमसुले डब्यात भरण्यापर्यंत सगळे करीत असे. नव्वदीनंतर तिने रातांबे वेचणे आणि फोडणे सोडून दिले. मीठ किती आणि पुटे किती, म्हणजे साल रसात बुडवून किती वेळा वाळवायची, एवढेच स्वतःकडे ठेवले. डोळ्यांनी साल वाळल्याचे नीट कळत नाही, म्हणून ती दोन बोटांत दाबून पाहते. तिच्या हातून बरेच काम गेले, तरी ज्यावरून आमसूल चांगले की वाईट ठरते ते तिच्या हाती राहिले.

दुसरे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांनी दिले. आपल्यापुढे किती वेळ उरला आहे असे माणसाला वाटते, त्यावर तो कशाला महत्त्व देतो हे ठरते. वेळ भरपूर आहे असे वाटत असताना माणूस ओळखी वाढवतो, माहिती गोळा करतो, उद्याच्या लाभासाठी आजचा त्रास सोसतो. वेळ थोडा आहे हे जाणवू लागले, की तो जवळची माणसे आणि आजचा बरा जाणारा दिवस निवडतो. त्यामुळे फार वृद्ध माणसांचे वर्तुळ लहान झालेले दिसले, तर ते नेहमीच एकटेपणाचे लक्षण नसते. कित्येकदा त्यांनी स्वतः केलेली ती काटछाट असते. कार्स्टेन्सन आणि इतरांच्या प्रयोगांत असेही दिसले, की तरुणांच्या तुलनेत वृद्धांचे लक्ष आणि स्मरण चांगल्या गोष्टींकडे अधिक झुकते. लग्नाला येत नाही म्हणणारी आजी रोज संध्याकाळी शेजारच्या काकींची मात्र वाट पाहते, यात विसंगती काही नाही. काटछाट आपली आपण केलेली आहे की परिस्थितीने लादलेली, हे मात्र विचारूनच कळते, आणि घरचे लोक ते सहसा विचारत नाहीत.

तिसरे उत्तर आयुष्यभराच्या कमाईचे आहे, आणि कोकणात ते समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. किनारपट्टीवरच्या त्या पिढीतल्या हजारो बायकांनी नवरा मुंबईत आणि संसार गावात अशी निम्मी हयात काढली. मनिऑर्डर येईल तेव्हा येई. शेत, गुरे, सासू-सासरे, मुलांची आजारपणे आणि पावसाळ्यापूर्वीची बेगमी हे सगळे त्यांनी स्वतःच्या निर्णयावर चालवले. आजोबा गिरणीत कारकून होते आणि १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हाताने परत आले, तेव्हा घर कसे चालते ते आजीने त्यांना शिकवले. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की ज्यांनी आयुष्यात काही संकटे सोसली होती त्यांचे मानसिक स्वास्थ्य, फार संकटे सोसलेल्यांपेक्षा आणि एकही संकट न पाहिलेल्यांपेक्षाही, बरे होते. मात्र यावरून ‘त्रासाने माणूस घडतो’ असे सरसकट म्हणू नये. फार सोसावे लागलेली माणसे त्याच पाहणीत वाईट स्थितीत होती, आणि कोकणातल्या कित्येक बायकांच्या वाट्याला आलेले सोसणे कोणत्याही मापाने ‘काही’ नव्हते.

फार मोठ्या वयातल्या दुःखाविषयी विचार करताना मला नेहमी आमच्याच किनाऱ्यावरचे एक आयुष्य आठवते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, आणि बालपण दापोलीजवळच्या मुरूडचे. विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाटाने चालत साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. हे सारे परिचित आहे. त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग मात्र आपण फारसा पाहत नाही. ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. ८६ व्या वर्षी, १९४४ मध्ये, समता संघ स्थापन केला. १९५० मध्ये त्यांच्या पत्नी आनंदीबाई गेल्या. १९५३ मध्ये त्यांचा मोठा मुलगा, संततिनियमनाचे आद्य प्रचारक रघुनाथराव, गेला; तेव्हा वडील ९५ वर्षांचे होते. १९५८ मध्ये शंभरीत त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ व्या वर्षी, ते गेले.

वयाच्या ९५ व्या वर्षी मुलाचा मृत्यू सोसणे म्हणजे काय, हे बाहेरून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. या क्रमातून मला एक गोष्ट दिसते, की त्यांचे काम वयाबरोबर बदलत गेले, पण संपले नाही. पायी गावोगाव फिरून निधी गोळा करणारा माणूस पुढे संस्था सुरू करून देऊन ती दुसऱ्यांच्या हाती सोपवू लागला. एरिक एरिकसन यांनी मानवी आयुष्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या होत्या आणि शेवटची पायरी जगून झालेल्या आयुष्याचा स्वीकार करण्याची मानली होती. त्यांच्या पत्नी जोन एरिकसन यांनी स्वतः नव्वदीत असताना नववी पायरी जोडली, कारण ऐंशी-नव्वदीत काय घडते ते आठव्या पायरीत मावत नाही, असे त्यांना जाणवले. त्या वयात आधीच्या सगळ्या पायऱ्यांवरचे प्रश्न पुन्हा उभे राहतात, असे त्यांचे म्हणणे होते: कोणावर विश्वास टाकू, किती माझ्या हातात आहे, मी कोणाच्या उपयोगाची आहे. अगदी लहान मुलाचे प्रश्न नव्वदीच्या माणसाला पुन्हा सोडवावे लागतात.

जोडीदाराच्या मृत्यूविषयीही एक समज दूर करायला हवा. जो फारसा कोसळत नाही त्याचे प्रेम कमी होते किंवा तो दुःख दाबून ठेवतो आहे, अशी कुजबुज आपल्याकडे होते. जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत वृद्ध जोडप्यांचा अभ्यास जोडीदाराच्या मृत्यूच्या आधीपासून केला, तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांच्या मनःस्थितीत दीर्घ खचणे दिसलेच नाही, आणि पुढे ‘उशिरा फुटलेले दुःख’ही दिसले नाही. म्हणजे सावरणे हा अपवाद नाही. जे महिनोन्‌महिने सावरत नाहीत त्यांना मदतीची गरज असते. जे सावरले त्यांना रडवण्याची गरज नसते.

आता आमच्याकडून झालेली चूक सांगते, कारण ती कोकणातल्या असंख्य घरांत होते. वादळानंतरचा पावसाळा आजीने ताडपत्री घातलेल्या घरात काढला आणि दिवाळीनंतर आम्ही तिला मुंबईला आणले. हेतू चांगला होता. पाचव्या मजल्यावरची खोली, गरम पाणी, वेळेवर जेवण, हाताशी दवाखाना. दोन महिन्यांत ती बोलेनाशी झाली. जेवण निम्म्यावर आले, दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि दोनदा रात्री उठून ‘गोठ्याचे दार लावले का’ असे तिने विचारले. घरात ‘आता वयच झाले’ आणि ‘विसरायला लागली’ ही दोन वाक्ये सुरू झाली. मी तिला म्हटले, की लिफ्ट आहे, खाली बाग आहे, रोज थोडे खाली जाऊन ये. ती म्हणाली, “अगो, बटण दाबायला येतं मला. पण खाली जाऊन जायचं कुणाकडे?”

या प्रश्नाचा शास्त्रीय अर्थ मला नंतर कळला. अमेरिकी अभ्यासक पॉवेल लॉटन आणि लुसिल नाहेमोव यांनी १९७३ मध्ये मांडले होते, की वृद्ध माणूस किती समर्थ आहे हे एकट्या त्याच्यावर ठरत नाही. त्याची क्षमता आणि भोवतालची मागणी यांचा मेळ बसतो की नाही, यावर ठरते. क्षमता जितकी कमी, तितका भोवतालाचा परिणाम मोठा. मागणी फार झाली तर माणूस कोलमडतो. फारच कमी झाली तरी तो निपचित होतो. आजीच्या बाबतीत दोन्ही एकदम झाले होते. गावात ती अंधारात पाखाडीच्या सतरा पायऱ्या उतरत होती, कारण कोणती पायरी हलते ते तिच्या तळव्यांना ठाऊक होते. माजघरात दिवा नसला तरी मिठाची बरणी तिच्या हाताला लागे. तिची नजर अधू झालेली असूनही त्या घरात ती डोळस होती, आणि मुंबईच्या उजेडात ती आंधळी झाली. त्याच वेळी तिच्याकडून कोणतीही अपेक्षा उरली नाही. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे सांगितली: स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वायत्तता, भोवतालावर पकड, जगण्याला हेतू आणि वाढत राहण्याची जाणीव. आम्ही तिला सुरक्षितता दिली होती, आणि या सहांपैकी निदान तीन एका प्रवासात काढून घेतली होती.

तरीही सगळा दोष स्थलांतराचा नव्हता. फेब्रुवारीत कानांच्या डॉक्टरांनी तपासले, तेव्हा दोन्ही कानांत मळाचे खडे झालेले निघाले, आणि ते काढल्यावरही उजव्या कानाची ऐकण्याची शक्ती पुष्कळ गेलेली आढळली. ज्याला आम्ही विसरणे समजत होतो, त्यातले बरेचसे मुळात न ऐकणे होते. न ऐकू येणारा माणूस चुकीचे उत्तर देतो, लोक हसतात, मग तो उत्तर देणे थांबवतो. हळूहळू त्याला विचारणेही थांबते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या आणि बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत ऐकू न येणे आहे, दृष्टिदोष आहे, नैराश्य आणि सामाजिक एकटेपणाही आहे. म्हणून मनाच्या दुखण्यावर विचार करण्याआधी कान, डोळे, दात, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, थायरॉइड आणि चालू औषधे तपासून घ्यावीत. एक-दोन दिवसांतच माणूस एकदम असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र विसरला, तर ते म्हातारपण नव्हे. शरीरात काहीतरी तातडीचे बिघडल्याची ती खूण असते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

नैराश्य ओळखणे अधिक कठीण असते, कारण त्या पिढीकडे त्यासाठी शब्दच नाही. नव्वदीची बाई ‘मला उदास वाटते’ असे म्हणत नाही. ‘अन्नाला चव नाही’, ‘अंग मोडून येते’, ‘आता देवाने न्यावे’ असे म्हणते, आणि ही तिन्ही वाक्ये आपल्याकडे इतकी रुळलेली आहेत की ती ऐकूनही कोणी थांबत नाही. २०१७-१८ मध्ये झालेल्या वृद्धत्वाच्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणांवरून साठीच्या पुढच्या ८.३ टक्के लोकांना तीव्र नैराश्य असण्याची शक्यता दिसली. निदान झाल्याचे स्वतः सांगणारे मात्र ०.८ टक्केच होते. दहातल्या नऊ जणांचे दुखणे नाव न लागताच राहते, असा याचा साधारण अर्थ. दोन आठवड्यांहून जास्त काळ खाणे-झोप बिघडली असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, किंवा ‘मी भार आहे’ हे वाक्य वारंवार येत असेल, तर ते वयावर ढकलू नये. नैराश्याचा उपचार नव्वदीतही लागू पडतो. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा फोनवर बोलते, आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारच्या भिंतीवर लावावेत.

२०२१ च्या शिमग्याला आजीला आम्ही गावी परत नेले. दीड महिन्याने तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि नव्याने शाकारलेली चार कौले पुन्हा उडाली. तरी ती परत मुंबईला येण्याचा विषय कोणी काढला नाही. परत नेणे हेच प्रत्येकासाठी योग्य, असे मी म्हणत नाही. आमच्याकडे काकू तिथे राहते, शेजार जागा आहे, आणि आरोग्य उपकेंद्र चालत जाण्याइतके जवळ आहे. हे नसेल तिथे एकट्या वृद्धाला गावात ठेवणे म्हणजे उभारीच्या नावाखाली दुर्लक्ष होय. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली होती, आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. म्हणजे ज्या घरांत एकच माणूस उरला आहे, तिथे तो माणूस बहुधा बाई आहे, आणि तिचे उत्पन्न कुणीतरी पाठवलेल्या पैशांवर आहे. अशा बाईच्या चिवटपणाचे कौतुक करून आपण मोकळे होतो, हे मला मनापासून खटकते. उभारीला खर्च येतो. पडवीतला दिवा, न घसरणारी न्हाणी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, वेळेवर येणारे निवृत्तिवेतन आणि रक्तदाब तपासायला येणारी परिचारिका, यांवर ती उभी असते.

कोकणात आणखी एक काळ जपण्याचा असतो, तो गणपतीनंतरचा. चाकरमानी येतात, दहा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, आजीला दिवसातून वीसदा हाक येते. विसर्जनानंतरच्या दोन दिवसांत गाड्या भरून निघून जातात आणि मखराची रिकामी चौकट ओटीवर राहते. आजी त्यानंतर आठवडाभर नीट जेवत नाही, असे काकूने बऱ्याच वर्षांनी सांगितले. आता आम्ही सगळे एकाच दिवशी निघत नाही. एक जण मागे राहतो, आणि दिवाळीला कोण येणार ते जाण्यापूर्वी तिच्यासमोर ठरवून जातो.

काम आणि निवड यांच्याविषयीचा एक जुना प्रयोग इथे सांगायला हवा. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात एका मजल्यावरच्या लोकांना स्वतःच्या खोलीविषयी निर्णय घ्यायला सांगितले आणि प्रत्येकाला एक रोप स्वतः सांभाळण्यासाठी दिले. दुसऱ्या मजल्यावर रोप दिले, पण पाणी कर्मचारी घालतील असे सांगितले. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक सावध, उत्साही आणि मिसळणारे दिसले. प्रयोग लहान होता, आणि त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. एका रोपाने आयुष्य वाढते, असे त्यावरून म्हणू नये. पण स्वतःच्या हातात काही असणे हे औषधासारखे महत्त्वाचे आहे, याला पुढच्या पुष्कळ अभ्यासांनी दुजोरा दिला. वादळानंतरच्या वर्षी आजीने पिकलेल्या सुपाऱ्या वाळूत देठ वर करून पुरल्या आणि उगवल्यावर त्या तेलाच्या जुन्या डब्यांत लावल्या. एकूण ४१ रोपे. त्यांना पाणी घालायला काकू गेली, तर तिला आवडत नाही.

एक गोष्ट आशेच्या भरात लपवू नये. मृत्यूच्या आधीच्या शेवटच्या काही वर्षांत, वय कितीही असो, बहुतेकांचे समाधान झपाट्याने उतरते, असे डेनिस गेरस्टॉर्फ आणि इतरांनी अनेक देशांतल्या माहितीवरून दाखवले आहे. तिथे निवड-काटछाट-युक्ती यांची मर्यादा येते. त्या टप्प्यावर ‘मन खंबीर ठेव’ असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. वेदना कमी करणे, झोप लागू देणे, ओळखीचा हात जवळ असणे आणि कोणत्या खाटेवर, कोणत्या घरात, हे त्या माणसाला विचारून ठेवणे, एवढे उरते. आणि ते विचारण्याची वेळ आधीच असते, कारण नंतर उत्तर मिळत नाही. आम्ही आजीला विचारले आहे. तिने ओटीवरची पश्चिमेची बाजू सांगितली.

ती आता ९३ वर्षांची आहे. मी तिला फोनवर पूर्वी ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाय दुखतो का’ असे तीन प्रश्न विचारत असे, आणि ती तिन्हींना ‘हो’ म्हणून फोन काकूकडे देई. यंदाच्या मे महिन्यात मी इथे मुंबईत गच्चीवर आमसुले घालायचे ठरवले आणि पुटे किती द्यायची ते तिला विचारले. श्रवणयंत्र नीट बसवून तिने सव्वीस मिनिटे सांगितले: मीठ रसात आधी विरघळू दे, साल पिळू नकोस, पहिल्या दोन दिवशी संध्याकाळी आत घे, पुट सात, पण बोटाला कळेल तेव्हा थांब. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने काकूकडून स्वतःच फोन लावून घेतला. तिकडे आभाळ भरून आले होते, आणि माझी साले अजून गच्चीवरच आहेत का, ते तिला हवे होते.